रेषेवरचा माणूस

“इकडून नाही, साहेब. प्रेक्षकांचं दार त्या कोपऱ्यावरून वळून,” फाटकावरचा रखवालदार म्हणाला.

डेझमंड थांबला. मी त्याचा दंड धरून चालत होते, म्हणून मीही थांबले. माझ्या नवऱ्याला वाट चुकायची सवय नाही. आज डोकं ठिकाणावर होतं, पायांनी दगा दिला. वर्षानुवर्षं जून संपत आला की तो ह्याच दाराने विम्बल्डनच्या मैदानात शिरायचा. गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर इस्त्रीचे कपडे, आणि चेहरा असा की आतलं सगळं टेनिस ह्याच्याच भरवशावर चाललंय. आज गळ्यात काही नव्हतं आणि खांद्यावर थर्मासची पिशवी होती.

“सवय,” तो पुटपुटला.

“चालायचंच, साहेब. आधी इथे कामाला होतात का?”

“हो.”

“कुठल्या खात्यात?”

डेझमंडने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मीच म्हटलं, “रेषेवर. चेंडू बाहेर पडला की ओरडायचे ते.”

“अच्छा, ते होय!” रखवालदाराचा आवाज एकदम मऊ झाला. आजारी माणसाशी बोलतात तसा. “आता ते यंत्रच करतं ना सगळं.”

“करतं. बरं आहे, यंत्राला मोजे तरी धुऊन द्यावे लागत नाहीत,” मी म्हटलं, आणि डेझमंडला कोपऱ्याकडे ओढलं.

माझ्या डोळ्यांचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. मला मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. तुमच्याकडे सरळ बघितलं तर तोंडाच्या जागी करडा डाग आणि कान मात्र स्वच्छ. एखादं माणूस नीट बघायचं तर मला त्याच्यावरून नजर काढून दुसरीकडे बघावं लागतं. दुकानातल्या पोरींना वाटतं, म्हातारी शिष्ट आहे, बोलताना तोंडाकडे पाहत नाही. मी तेव्हा त्यांनाच पाहत असते.

तिकिटं मीच मिळवली होती. विम्बल्डनची तिकिटं सोडतीत निघतात. आमची मुलगी हेझल दर वर्षी माझ्या नावाने अर्ज भरायची आणि दर वर्षी आमचं नशीब झोपलेलं असायचं. निघाली ती नेमकी रेषेवरची माणसं घरी बसवल्यानंतर.

“मी नाही येत,” डेझमंड म्हणाला होता.

“नको येऊस. मी जाते एकटी. पायऱ्यांवरून गडगडले तर उचलायला कोणीतरी असेलच.”

तो आला.

पण खरं सांगायचं तर मला टेनिस बघायचं नव्हतं. बघणार तरी काय, कप्पाळ? मला डेझमंडला घराबाहेर काढायचं होतं. घरात तो बोलत नव्हता, आणि मला त्याच्याकडून एका गोष्टीचं उत्तर हवं होतं.

मार्चमध्ये मी न्हाणीघरात घसरले. डेझमंड तेव्हा फुटपाथवर कचऱ्याची पिंपं ठेवायला गेला होता. फार लागलं नाही, पण हेझल ब्रिस्टलहून धावत आली, आणि आल्या आल्या तिने निकाल देऊन टाकला. “आई, तू आमच्याकडे चल. गॅरेजची खोली करून घेतलीय, खालीच आहे, जिने नाहीत. बाबांना आता हे झेपत नाही.” खोलीत पलंग एकच होता. बाबांचं काय, तर बाबांनी सध्या इथेच राहायचं, शनिवार-रविवारी यायचं, मग पुढचं पुढे बघू. हे सगळं ती डेझमंडच्या समोर बोलली. तो चहाच्या किटलीवर टोपडं चढवत होता.

“तुझं काय म्हणणं आहे?” मी त्याला विचारलं.

“तुला बरं वाटेल ते,” तो म्हणाला. त्यानंतर दोन-तीनदा विचारलं, दोन-तीनदा हेच. हेझल आज संध्याकाळी फोन करणार होती. हो की नाही ते सांगायचं होतं, कारण नाहीतर ती खोली भाड्याने देणार होती.

आता तुम्ही म्हणाल, नवरा-बायकोत एवढं कोडं कशाला? तर डेझमंडचं गप्प बसणं साधं गप्प बसणं नाही. रेषेवरच्या पंचाचा कायदा असा, की चेंडू बाहेर पडला तर पोटातून ओरडायचं, आणि आत पडला तर तोंड बंद. वा, छान, सुंदर फटका, काही म्हणायचं नाही. टाळी तर विसराच. म्हणजे पंच गप्प आहे याचा अर्थ सगळं ठीक आहे.

हौस झाली ही. पोटासाठी तो काय करायचा? गाडी चालवण्याचा परवाना मागायला येणाऱ्यांची परीक्षा घ्यायचा. शेजारच्या सीटवर बसून चुका टिपायच्या, बरोबर केलं तर हूं की चूं नाही. अशा माणसाशी मी लग्न केलं. ग्रेव्ही पातळ झाली की “पातळ.” पडदे वाकडे लागले की “डावीकडे.” ग्रेव्ही उत्तम झाली की घड्याळाची टिकटिक. पहिलं वर्षभर मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. शेवटी माझ्या सासूने मला बाजूला घेतलं. “वेडी आहेस का गं? गप्प बसून खातोय ना? मग आवडलंय. ह्याचे वडीलही असेच. मी तर हा झाला तेव्हासुद्धा त्यांच्या एका शब्दाची वाट बघत बसले होते.”

तेव्हापासून मी त्या शांततेवरच संसार केला. तो गप्प म्हणजे सगळं आत. आणि आता माझ्या जाण्याविषयीही तो गप्प होता. म्हणजे माझं जाणं त्याला पटलं होतं का? की त्याला काही म्हणण्याचा हक्कच राहिला नाही असं त्याला वाटत होतं? तसं वाटायला कारण होतं, तेही सांगते.

आम्हाला तीन नंबरच्या कोर्टवर जागा मिळाल्या होत्या, चांगल्या, रेषेच्या अगदी सरळ वर. ढगाळ होतं, पण पाऊस नव्हता. डेझमंडने मला बसवलं, मांडीवर शाल घातली, स्ट्रॉबेरीची वाटी हातात दिली, चमचा कुठे आहे ते बोट धरून दाखवलं. ह्या बाबतीत त्याला नाव ठेवायला जागा नाही. घरी शेगडीच्या खटक्यांवर रबराची टिकली, जिन्याच्या पायऱ्यांना पिवळी पट्टी, माझ्या बशीतलं मांस आधीच कापलेलं. नर्ससुद्धा एवढं करणार नाही. पण नर्स निदान कामावरून जाताना हवापाण्याचं तरी बोलते.

सामना सुरू झाला. एक अर्जेंटिनाचा खेळाडू होता आणि एक आपल्याकडचा, नॉर्विचचा. मी वाट पाहिली. मग विचारलं, “काय चाललंय?”

“तीस-पंधरा.”

“ते मुख्य पंचाने आत्ता सांगितलं, डेझ. मला कानांनी ऐकू येतं. कसं खेळतायत?”

तो विचारात पडला. “नीट,” तो म्हणाला.

माझ्या दुसऱ्या बाजूला हॅलिफॅक्सचे मिस्टर ओल्डरॉइड बसले होते. मटणाचं दुकान मुलाच्या हाती सोपवून पहिल्यांदाच आले होते, आणि आल्यापासून डबे उघडत होते. त्यांना राहवलं नाही. “बाईसाहेब, तुम्हाला दिसत नाही होय? मग मी सांगतो की! हा अर्जेंटिनावाला म्हणजे शिडी आहे शिडी. सर्व्हिस करतो तेव्हा माळ्यावरून सामान काढल्यासारखा हात वर नेतो. आणि आपलं नॉर्विचचं लेकरू बुटकं, पण पळतंय! हां, पळालं... पळालं... अरे देवा, घातला जाळीत! पोर्क पॅटिस घेणार का?”

मी हसले. कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. ओल्डरॉइड सांगत राहिले आणि मला खरोखरच दिसायला लागलं. ती शिडी, ते लेकरू, जाळीशी पडलेला चेंडू. मधून मधून त्या यंत्राचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा, “आउट.” बाईचा आवाज होता, नेटका, दारावरची घंटा वाजावी तसा. प्रत्येक वेळी डेझमंडच्या मांडीचा स्नायू माझ्या गुडघ्याला लागून आवळायचा आणि सैल पडायचा. तो अजून रेषेवर होता. मला त्याची दया आली आणि रागही आला. रेषेकडे बघतोस, शेजारी बायको बसली आहे तिला एक वाक्य सांगता येत नाही?

पूर्वी पंचांच्या घरच्यांना कधीमधी पास मिळायचे. डेझमंड म्हणायचा, “तू तिथे असलीस की माझं लक्ष उडेल, ग्लेन. मी निवृत्त झालो की दोघं बसून बघू.” मी घरी टीव्हीसमोर बसायचे. खेळाडूंशी मला घेणंदेणं नव्हतं. सर्व्हिसच्या वेळी मागे, पडद्याच्या कोपऱ्यात, वाकून गुडघ्यांवर हात ठेवलेला एक माणूस अर्धा दिसायचा, त्याला मी बघायचे. शेजारणीला फोन करून सांगायचे, “दिसला बघ, डावीकडचे गुडघे आमचे.”

माझे डोळे गेले त्या वर्षीही असंच बघत होते. पहिलाच आठवडा होता. बघता बघता मला कोर्टची लांब रेषा मध्येच वाकलेली दिसली. पाण्यात काठी घातली की दिसते तशी. मी डोळे चोळले, चष्मा पुसला. रेषा वाकडीच.

रात्रीच्या जेवणाला मी म्हटलं, “डेझ, आज टीव्हीवर तुमच्या रेषा वाकड्या दिसत होत्या.”

त्याने काटा खाली ठेवला. “वाकड्या कशा असतील? सकाळी दोरी लावून आखतात. मी दिवसभर तिथेच उभा होतो.”

“मला दिसल्या तशा सांगितलं.”

“टीव्ही गेलाय,” तो म्हणाला. “जुना झाला.”

आणि मी मान डोलावली. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, बाई, डोळे दाखव. पण आमच्या घरात रेषेच्या बाबतीत शेवटचा शब्द डेझमंडचा. त्याने मेकॅनिकला बोलावलं. मेकॅनिक म्हणाला, टीव्हीला काही झालेलं नाही. तरी डेझमंडने नवा आणवला, मोठा, मला त्रास नको म्हणून. प्रेमानेच केलं, हे मी शपथेवर सांगेन. नव्या टीव्हीवर रेषा आणखी मोठ्या आणि आणखी वाकड्या दिसल्या. दाराची चौकटही वाकायला लागली होती.

त्याच सुमारास त्याला निरोप आला होता की ह्या वेळी रविवारी पुरुषांच्या फायनलला तो रेषेवर उभा राहणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तो स्वयंपाकघरात बुटांना पॉलिश करत होता. मी म्हटलं, “डेझ, टीव्हीचं नाही रे हे. माझ्या उजव्या डोळ्याचं आहे काहीतरी. डॉक्टरकडे नेशील का उद्या?”

ब्रश थांबला नाही. “रविवारपर्यंत थांब ना, ग्लेन,” तो म्हणाला. “सोमवारी पहिलं काम तेच.”

मी थांबले.

सोमवारी डोळ्यांच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने बुबुळात दिवे मारले, फोटो काढले, आणि विचारलं की सरळ रेषा वाकडी दिसायला कधीपासून लागली. मी सांगितलं. “लगेच आला असतात तर आतला रक्तस्राव थांबवता आला असता,” ती म्हणाली. डेझमंड शेजारी टोपी मांडीवर घेऊन बसला होता. परतीच्या बसमध्ये त्याने माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. पण बोलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि पुढे डावा डोळाही हळूहळू त्याच वाटेने गेला तेव्हाही नाही. हेझलला आम्ही दोघांनीही कधी काही सांगितलं नाही.

मी त्याला माफ केलं होतं का? काही दिवस केलं होतं आणि काही दिवस नव्हतं. सकाळी पायऱ्यांवरची पिवळी पट्टी पायाला लागली की केलेलं असायचं. नातवाचा फोटो कोणी हातात दिला की नसायचं. मला पाय धरून माफी नको होती. फक्त तो जो रविवार आमच्या घरात ठाण मांडून बसला होता, त्याचं नाव त्याने एकदा तोंडाने घ्यावं, एवढंच. म्हणजे मग आम्हाला दुसरं काहीतरी बोलता आलं असतं.

“बाईसाहेब, दुसरा सेट संपला, एकेक झालं,” ओल्डरॉइड म्हणाले. “मी जरा जाऊन येतो. माझ्या डब्यावर लक्ष ठेवा.” मग त्यांच्याच लक्षात आलं. “म्हणजे, कान ठेवा.”

ते गेले. आमच्याभोवती लोक उठत होते, पाय मोकळे करत होते. मला वाटलं, आत्ताच.

“डेझ, आज संध्याकाळी हेझलचा फोन येईल.”

“हं.”

“तिला काय सांगू?”

“तुला बरं वाटेल ते.”

“मला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही. तुला विचारतेय. मी जाऊ?”

त्याने थर्मासचं झाकण फिरवलं, पुन्हा उलटं फिरवलं. “तिथे जिने नाहीत,” तो म्हणाला. “हेझल चांगलं बघेल. ती ऐकते तुझं.”

ते शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निसटलंच असावं, कारण त्याने स्वतः माझं ऐकलं नव्हतं. ओल्डरॉइड धापा टाकत जागेवर येऊन बसले. खाली खेळाडू परतले, टाळ्या झाल्या. मुख्य पंचाने शांत राहण्याची विनंती केली आणि सगळं कोर्ट गप्प झालं. त्या शांततेची इथे फार मिजास आहे. लोक खोकलासुद्धा गिळतात.

“सुरू होतंय,” डेझमंड कुजबुजला.

मी त्याच्या कानाशी गेले. मला आता थांबवत नव्हतं. “होऊ दे. हा पॉइंट संपेपर्यंत तुला वेळ आहे. गप्प राहिलास तर मी समजेन, सगळं ठीक आहे. मी हेझलला हो म्हणेन, आणि तुला परत कधी विचारणार नाही.”

“ग्लेन, असं काय—”

“श्श!” पुढच्या रांगेतून कोणीतरी फिस्कारलं.

दुष्टपणा होता तो, मला कळत होतं. पॉइंट चालू असताना प्रेक्षकाने तोंड उघडणं हे डेझमंडच्या लेखी देवळात चप्पल घालून जाण्यासारखं. पण त्याला ज्या जागी गप्प बसायला शिकवलं होतं, त्याच जागी मला त्याला धरायचं होतं.

सर्व्हिस झाली. गवतावर चेंडूचा आवाज ओला येतो, ठप्प. मग रॅकेटच्या तारांचा. ठप्प, मग तारांचा. लांबत चालला पॉइंट. ओल्डरॉइड श्वास रोखून होते, काही सांगत नव्हते. मी तोंड कोर्टकडे ठेवलं होतं, म्हणजे कडेला डेझमंड दिसत होता. तो पुढे झुकला होता आणि त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. ठप्प. मला वाटलं, आता संपेल. मला वाटलं, ब्रिस्टलला हवा बरी असते म्हणतात.

“आऽऽउट!”

प्रेक्षक ओरडतो तसं ते नव्हतंच. पोटातून आलेला, कोर्टच्या दोन्ही टोकांना एकदम पोचणारा, वर्षानुवर्षं ज्याचं सगळ्यांनी मुकाट ऐकलं तो आवाज. नॉर्विचचा मुलगा जागच्या जागी थांबला. चेंडू त्याच्या शेजारून मागे गेला आणि कोर्टमागच्या कापडाला लागल्याचा आवाज आला.

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग कुजबुज, मग हशा, मग कुठूनतरी शिटी.

“अहो, हे काय केलंत!” ओल्डरॉइड म्हणाले. “आत होता की! हातभर आत होता!”

खाली खेळाडू मुख्य पंचाशी तावातावाने बोलत होता. पंच माइकवर आला. “खेळ चालू असताना प्रेक्षकांनी कृपया ओरडू नये. पॉइंट पुन्हा खेळला जाईल.” पुन्हा हशा.

डेझमंड उभा राहिला होता. मी त्याचा कोट ओढला, तरी बसेना. पायऱ्यांवरून बूट वाजवत कोणीतरी आलं. विम्बल्डनला रांगांवर देखरेख करायला सैन्यातली मुलं-मुली येतात, त्यातली एक पोरगी होती. आवाजावरून हेझलच्या थोरलीएवढी असेल.

“साहेब, तुम्ही ओरडलात का?”

“हो. मीच.”

“असं करायचं नसतं, साहेब.”

“मला माहीत आहे,” डेझमंड म्हणाला. “चेंडू आत होता. माझी चूक झाली.”

इतक्या सहज म्हणाला, जसं काही हे शब्द कायम त्याच्या खिशात होते आणि कोणी मागायचीच खोटी होती. पोरगी बिचारी ओशाळली. “असू दे. फक्त पुन्हा नको हं,” ती म्हणाली आणि गेली. ओल्डरॉइड डब्यात काहीतरी शोधू लागले. भला माणूस.

डेझमंड बसला. त्याचा श्वास जिना चढून आल्यासारखा लागला होता. हेझलला काय सांगायचं ते मला कळलं होतं, आणि खरं म्हणजे मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. दिसायचं गेलं तरी त्या कामाला अजून चोख आहेत माझे डोळे.

“एका परक्या पोरीला, एका चेंडूसाठी,” मी म्हटलं. “मला का नाही रे म्हणालास? एकदा तरी?”

मी समोरच बघत होते. माझ्या कडेच्या नजरेत आधी त्याची कोपरं हलली. मग दोन्ही हात सावकाश वर गेले आणि त्याच्या डोळ्यांपुढे येऊन थांबले.

ही खूण तुम्हाला माहीत नसेल. रेषेवरच्या पंचाला चेंडू कुठे पडला ते दिसलंच नाही, मध्ये कोणी आलं, किंवा त्याचं लक्ष भलतीकडे होतं, तर तो ओरडत नाही आणि गप्पही बसत नाही. दोन्ही हात डोळ्यांपुढे धरतो. भर कोर्टात, हजारो माणसांसमोर, मला दिसलं नाही असं कबूल करतो. टीव्हीवर मी इतरांना ते करताना पाहिलं होतं. डेझमंडला कधी नाही. तो म्हणायचा, मला दिसत नाही असं होतच नाही.

हात खाली येईनात. मला त्याला म्हणावंसं वाटलं, पुरे, लोक बघतायत. पण नाही म्हटलं. खुणेला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागू दे, असं मला वाटलं.

खाली मुख्य पंचाने शांतता मागितली. तो पॉइंट पुन्हा खेळायचा होता. त्या दोघांना मिळाला. आम्हाला आमचा तसा मिळणार नव्हता, हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

“डेझ,” मी हळूच म्हटलं, “सुरू झालंय.”

तो हलला नाही. डोळ्यांवर हात धरून बसला होता, लहान मुलासारखा नाही, पंचासारखा, पाठ ताठ ठेवून. त्याला काहीच दिसत नव्हतं. मग मीच सांगायला लागले. मला तरी कुठे दिसत होतं, पण गवतावर चेंडू पडल्याचा आवाज यायचा आणि ती यंत्रातली बाई गप्प असायची.

“आत,” मी त्याच्या कानात म्हटलं.

ठप्प.

“हाही आत.”

ठप्प.

“आत.”